गाणी माझी, आवाज त्याचा: बँड सोडू का?

तुझा प्रश्न दोनदा वाचला आणि सोबतची तिन्ही गाणी रात्री शांतपणे हेडफोनवर ऐकली. वयाने बराच मोठा आहे, तेव्हा एकेरीतच लिहितो. तुझं म्हणणं असं: वय २६, पुण्यात चौघांचा मराठी बँड, सहा वर्षं झाली. गिटार तुझी, बहुतेक गाण्यांचे शब्द आणि चालही तुझीच. गातो दुसरा आणि लोक ओळखतात तेही त्यालाच. गेल्या वर्षभरात तू नेलेली आठ गाणी 'ही आपल्या बँडची वाटत नाहीत' म्हणून मागे पडली. आणि शेवटी विचारलं आहेस, 'बीटल्सचा गिटारवादक जॉर्ज हॅरिसनचं झालं तसंच माझं होतंय. बँड सोडून सोलो करू का?'

मी स्वतः अकरा वर्षं बँडमध्ये काढली आणि त्यानंतर तेरा वर्षं स्वतःच्या नावावर गातो आहे. मधल्या काळात ऑर्केस्ट्रात वाजवलं, दुसऱ्यांच्या रेकॉर्डिंगलाही वाजवलं. तुझी तगमग मला चांगली कळते. तरीही बँडमध्ये राहू की सोडू, हा प्रश्न मला नंतरचा वाटतो. आधीची अडचण ही की तुझ्या आठ गाण्यांना गाणारा नाही, आणि जी गाणी लोकांपर्यंत गेली त्यांच्यावर तुझं नाव नीट लागलेलं नाही. उद्या बँड सोडलास तरी या दोन्ही गोष्टी जिथल्या तिथेच राहतील.

बाकी पुष्कळसं तुझ्या परिस्थितीवर आहे. घरभाडं आणि घरच्यांचा खर्च तुझ्या एकट्यावर असेल तर माझा सल्ला जास्त सावध राहील. गायकाशी मनातलं बोलता येत असेल तर एक वाट, बोलणंच बंद असेल तर दुसरी. आणि तुला गायला आवडतं का, हे तू कुठेच लिहिलेलं नाहीस. मला तेच सगळ्यात आधी विचारायचं होतं.

हॅरिसनचं नाव घेतलंस, तर त्याचा प्रवास जरा सावकाश बघू. तो बहुतेकदा अर्धाच सांगितला जातो: दोन मोठे गीतकार बँडमध्ये होते, त्यांनी याला दाबलं, हा बाहेर पडला आणि मोठा झाला. घडलं ते यापेक्षा शिकण्यासारखं आहे. १९५८ मध्ये शाळेत असतानाच तो लेनन आणि मॅकार्टनीबरोबर वाजवू लागला. ते दोघे वयाने मोठे आणि जोडीने लिहिणारे. याचं स्वतःचं पहिलं गाणं अल्बमवर आलं १९६३ मध्ये. पुढे वर्षानुवर्षं एका अल्बमवर एखाद-दुसरं, १९६६ च्या 'रिव्हॉल्व्हर'वर तीन. म्हणजे ठरलेला कोटा.

पण कोटा आहे म्हणून तो हातावर हात ठेवून बसला नाही. १९६६ मध्ये रविशंकरांकडे सतार शिकायला तो मुंबईत येऊन राहिला. जानेवारी १९६८ मध्ये पुन्हा आला आणि मुंबईतल्या एचएमव्हीच्या स्टुडिओत इथल्या वादकांना घेऊन एका चित्रपटाचं संगीत रेकॉर्ड केलं. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये तो अल्बम निघाला. बीटल्सपैकी कोणाचाही तो पहिला सोलो अल्बम आणि तेव्हा बँड चालू होता. त्याच दिवसांत मुंबईत रेकॉर्ड केलेल्या एका ट्रॅकवर लंडनला जाऊन आवाज चढवला आणि ते गाणं मार्चमध्ये बँडच्या सिंगलच्या, म्हणजे एका बाजूला एकच गाणं असलेल्या छोट्या तबकडीच्या, दुसऱ्या बाजूला आलं. बँडच्या सिंगलवर आलेलं हॅरिसनचं ते पहिलं गाणं. त्यात बासरी हरिप्रसाद चौरसियांची आहे. बँडच्या तालमीत ज्याला जागा नव्हती ते त्याने बाहेर केलं, आणि त्यातलंच एक बँडने आनंदाने घेतलं.

पुढचं वर्ष तुझ्या आजच्या मनःस्थितीशी जास्त जुळणारं आहे. १० जानेवारी १९६९ ला तो तालमीतून उठून निघून गेला. दोन आठवड्यांच्या आत परत आला. त्यानंतर महिनाभराने, २५ फेब्रुवारीला, म्हणजे आपल्या २६ व्या वाढदिवशी, तो एकटाच स्टुडिओत गेला आणि तीन गाण्यांचे डेमो, म्हणजे कच्ची रेकॉर्डिंग, करून आला. त्यातलं 'समथिंग' त्याच वर्षी बँडच्या सिंगलच्या मुख्य बाजूला आलं, दुसरं बँडच्या आणखी एका सिंगलच्या मागच्या बाजूला. तिसरं बँडने जानेवारीतच तालमीत वाजवून सोडून दिलं होतं. ते थांबलं आणि नोव्हेंबर १९७० मध्ये त्याच्या तीन तबकड्यांच्या अल्बमचं शीर्षकगीत झालं. त्या अल्बमवर चार-चार वर्षं पडून असलेलीही गाणी आहेत.

तुझ्याही वयाची २६ वर्षं झाली म्हणून हे एवढं लिहिलं. राग त्यालाही आला होता, पण त्या रागाच्या महिन्यात त्याने गाणी पुरी करून ठेवली. बँडला दिली तरी चालतील आणि स्वतःकडे ठेवली तरी चालतील, अशी पुरी. तुझी आठ गाणी आज त्या अवस्थेत आहेत का? तू पाठवलेल्यांपैकी एकाला दुसरा अंतराच नाही, नुसतं 'ला ला' आहे. असं गाणं बँडने नाकारलं असं मला म्हणवत नाही, ते त्यांनी अजून ऐकलेलंच नाही.

आता माझं सांगतो. मी रागात बाहेर पडलो. हातात चौदा गाणी होती, त्यातली नऊ बँडसाठीच बांधलेली. पहिला सोलो कार्यक्रम सांगलीत केला, छोट्या सभागृहात साठ-सत्तर माणसांपुढे. सातवं गाणं माझंच, बँडबरोबर शंभरेक वेळा वाजवलेलं. अंतऱ्याच्या दुसऱ्या ओळीला वरचा सा लागायचा. तिथे आवाज फाटला. हात चालू राहिले, शब्द मात्र बाहेर येईनात. पहिल्या रांगेत आईची एक मैत्रीण बसली होती. तिने आपल्या पिशवीतून पाण्याची बाटली काढली, टोपण उघडलं आणि काही न बोलता माझ्या पायाशी ठेवली. मी गाणं तिथेच थांबवलं, पाणी प्यायलो आणि मुखड्यापासून पुन्हा सुरू केलं. दुसऱ्यांदाही तो सा लागला नाही.

कारण अगदी साधं होतं. गाणं मी गायकाच्या पट्टीत, म्हणजे त्याच्या गळ्याला सोयीच्या सा वर, बांधलं होतं, हार्मोनियमच्या पांढरी तीनमध्ये. माझा गळा पांढरी एकचा. अकरा वर्षं मी त्याच्या गळ्याने विचार करत होतो आणि ते माझ्या लक्षातही आलं नव्हतं. तुझ्या तिन्ही गाण्यांत मला हेच ऐकू आलं. चाल वर जाते ती तुझ्या गायकाच्या आवाजातली चमक दाखवायला. तू स्वतः डेमोवर गातोस तेव्हा बरोबर तिथेच मान ताणल्यासारखा आवाज येतो.

त्यावर मी काय केलं ते सांगतो. आधी नुसता तानपुऱ्यावर बसून, गिटार न घेता, प्रत्येक गाण्याची पट्टी नव्याने शोधली. सगळ्यात वरचा आणि सगळ्यात खालचा असे दोन्ही स्वर न ओरडता, न पुटपुटता लागले पाहिजेत. मग गिटार घेतली. पांढरी तीन म्हणजे गिटारवर 'ई', तिथे सगळ्यात जाड तार मोकळी सा देते आणि खोली भरून जाते. पांढरी एकला, म्हणजे 'सी'ला, नेहमीचे आकार धरले की तो भरणा नाहीसा होतो. म्हणून तिसऱ्या फ्रेटवर कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा, लावून 'ए'चे आकार धरले. मग पाचवी तार मोकळी राहून सा देते आणि खालचा आधार टिकतो.

दुसरी अडचण हाताची. बँडमध्ये मी डिस्टॉर्शनवर, म्हणजे जाड, फाटक्या आवाजात, दोन स्वरांचे कॉर्ड वाजवायचो, सा आणि प. गंधार, म्हणजे ग, कीबोर्डवाला द्यायचा किंवा गायकाच्या सुरात असायचा. एकटा बसून तेच वाजवलं तर कॉर्डमध्ये गंधारच नाही. शुद्ध की कोमल, हे ऐकणाऱ्याला कळत नाही आणि गाणं पोकळ वाटतं. मला कॉर्डची मांडणीच नव्याने करावी लागली: अंगठ्याने बास, दोन बोटांनी वरचे स्वर, आणि शब्द चालू असताना हात जवळजवळ थांबलेला. यात आठ महिने गेले. गिटारवादकाला न वाजवणं जड जातं. पण स्वतः गायचं असेल तर हे शिकावंच लागतं.

गळ्याच्या बाबतीत हॅरिसनलाही हे चुकलं नाही. बँडच्या कार्यक्रमात त्याच्या वाट्याला मुख्य गायक म्हणून एखाद-दोन गाणी यायची. १९७४ मध्ये तो रविशंकरांना सोबत घेऊन उत्तर अमेरिकेच्या दौऱ्यावर निघाला, तो आवाज बसलेल्या अवस्थेतच. दौऱ्याआधी अल्बम पुरा करण्याची घाई आणि तालमी एकाच वेळी चालू होत्या. समीक्षा कडवट आली. त्यानंतर तो पुन्हा दौऱ्यावर गेला ते थेट डिसेंबर १९९१ मध्ये, जपानला, गिटारवादक एरिक क्लॅप्टनच्या बँडला सोबत घेऊन. महिन्यातून चार कार्यक्रम दीड-दीड तास एकट्याने गायचे असतील तर गळ्याला आधी वर्षभराचा रियाज लागतो. कुणातरी शास्त्रीय गाणाऱ्या बाईंकडे किंवा बुवांकडे आठवड्यातून एकदा जाऊन बस. रागदारीसाठी जायची गरज नाही, श्वास आणि खर्ज, म्हणजे खालच्या स्वरांचा रियाज, एवढ्यासाठी जा.

आता मालकीबद्दल, आणि हे मी सगळ्यात कळकळीने सांगतो आहे. आमच्या बँडची दोन गाणी ऑनलाइन गेली तेव्हा 'संगीत' या रकान्यात फक्त गायकाचं नाव पडलं. दोन्ही चाली माझ्या. कुणी मुद्दाम केलं असं मी आजही म्हणत नाही, पण माझ्याकडे एक चिठोरीसुद्धा नव्हती. एकाची दुरुस्ती व्हायला दोन वर्षं लागली, दुसरं आजही तसंच आहे.

आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्याच्या दृष्टीने एका गाण्यात तीन वेगळ्या गोष्टी आहेत: शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण. वेगळा करार नसेल तर शब्दांचा पहिला मालक लिहिणारा, चालीचा ती बांधणारा, आणि ध्वनिमुद्रणाचा ते घडवून आणणारा निर्माता. गाणाऱ्याचे हक्क याहून निराळे. नोंदणी सक्तीची नाही, हक्क कृती तयार होताच मिळतो, पण वाद झाला तर पुरावा तुलाच द्यावा लागतो. २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार आणि संगीतकाराला रॉयल्टीतला आपला ठरावीक वाटा कायमचा विकून टाकता येत नाही. तो वारसांना किंवा कॉपीराइट सोसायटीलाच देता येतो. एखाद्या कंपनीने हक्क लिहून घेतले आणि कागदावर मुदत घातली नाही, तर ती पाच वर्षं धरतात. प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. हे माहीत असलं की सही करताना हात थोडा सावकाश चालतो.

तेव्हा पहिलं काम, आयपीआरएसचं सभासदत्व घे. ही गीतकार, संगीतकार आणि प्रकाशकांची संस्था १९६९ पासून आहे. आजवरच्या प्रत्येक गाण्याची तिथे नोंद कर. दुसरं काम जास्त अवघड आहे: बँडबरोबर बसून प्रत्येक गाण्यात शब्द किती कुणाचे आणि चाल किती कुणाची, हे टक्क्यांत लिहून काढ. इथे मनाने प्रामाणिक राहा. तुझ्या पहिल्या गाण्यात बासवाल्याची ती चार मात्रांची ओळ काढली तर गाणं ओळखू येणार नाही. मी तुझ्या जागी असतो तर चालीतला थोडा वाटा त्याला दिला असता. मी आता गाणं पहिल्यांदा सलग वाजवून झालं की त्याच संध्याकाळी एका रजिस्टरमध्ये तारीख, नावं, टक्के आणि सगळ्यांच्या सह्या घेतो. हिट झाल्यावर हे बोलणं फार कठीण होतं.

हॅरिसनला हा धडा महागात मिळाला. १९६८ पर्यंत त्याची गाणी ज्या प्रकाशन कंपनीकडे होती तिचे शेअर १९६५ मध्ये बाजारात आले, तेव्हा लेनन आणि मॅकार्टनीकडे प्रत्येकी १५ टक्के राहिले आणि हॅरिसन व ड्रमर रिंगो दोघांत मिळून १.६ टक्के. म्हणजे तो स्वतः लिहिलेल्या गाण्यावरही त्या दोघांना कमावून देत होता. करार संपताच त्याने आपली गाणी आपल्याच कंपनीकडे घेतली, आणि नंतर त्याचं जे सर्वांत गाजलं ते त्याच्या कंपनीचं होतं.

बाहेर पडणाऱ्या गीतकाराला आणखी एक धोका असतो, तो सहसा कोणी बोलून दाखवत नाही. बँडमध्ये चाल ऐकवली की चौघांपैकी एक तरी म्हणतो, 'अरे, हे कुठेतरी ऐकलंय.' एकट्याला ते कान नसतात. हॅरिसनच्या पहिल्या मोठ्या सोलो गाण्यावर, 'माय स्वीट लॉर्ड'वर, खटला झाला. १९७६ मध्ये न्यायाधीशांनी म्हटलं की मुद्दाम उचललेलं नाही, पण जुन्या गाण्याची चाल नकळत मनातून उतरली आहे, आणि कायद्याने तेही उल्लंघनच. आपल्याकडे तर लहानपणापासून भावगीतं, अभंग, नाट्यपदं कानावरून गेलेली असतात. सहज सुचलेली चाल मी आजही दोन जुन्या मित्रांना आणि एका हार्मोनियमवाल्या काकांना ऐकवल्याशिवाय पुढे नेत नाही. काकांनी आजवर माझ्या तीन चाली थांबवल्या आहेत.

पैशाचं थोडक्यात सांगतो. माझ्या कमाईतला अर्ध्याहून मोठा भाग गिटार शिकवण्यातून येतो. त्याखालोखाल दुसऱ्यांच्या कार्यक्रमात वाजवल्याची नाईट, म्हणजे त्या कार्यक्रमाचं मानधन, मग माझे स्वतःचे कार्यक्रम, आणि शेवटी गाण्यांची रॉयल्टी. स्ट्रीमिंगवर फार भिस्त ठेवू नकोस. स्पॉटिफाय २०२४ पासून बारा महिन्यांत १००० वेळा न वाजलेल्या गाण्याच्या रेकॉर्डिंगचे पैसेच देत नाही. बँडच्या कार्यक्रमांतून तुला आज जे मिळतं, तेवढं शिकवण्यातून आणि सेशनमधून उभं राहीपर्यंत मी तरी तुला राजीनामा देऊ देणार नाही.

मग करायचं काय? माझं मत, बँड सोडू नकोस, पण सोलो सुरू कर, आणि चोरून नको. बँडला तोंडावर सांग: ही आठ गाणी तुम्हाला नको आहेत, मी ती माझ्या नावावर करतो, बँडच्या तारखा आधी, माझ्या नंतर. चांगल्या बँडला हे पेलतं. गिटारवादक सुस्मित सेन यांनी १९९० मध्ये दिल्लीत इंडियन ओशन हा बँड उभा केला आणि २०१३ मध्ये ते बाहेर पडले. ते आपलं वाजवत राहिले आणि बँडही नव्या गिटारवादकाला घेऊन चालत राहिला. आणि सोलो म्हणजे कायमचं एकटं, असंही मनात आणू नकोस. हॅरिसनच्या त्या तीन तबकड्यांच्या अल्बमवर रिंगो, क्लॅप्टन, बिली प्रेस्टन अशी कितीतरी माणसं वाजवतात, आणि १९८८ मध्ये तो पुन्हा डिलन, ऑर्बिसन, टॉम पेटी आणि जेफ लिन यांच्याबरोबर बँड करून बसला. तुझा गायक पाच वर्षांनी तुझ्या अल्बमवर पाहुणा म्हणून गाऊ शकतो. ते दार उघडं ठेव.

त्याआधी या आठवड्यात एक कर. फोन समोर ठेव, साधी अकूस्टिक घे, आठही गाणी तुझ्या पट्टीत, सलग, न थांबता गा. तीन दिवसांनी ऐक. ज्यांना ऐकताना तुला ड्रम आठवतो ती बँडची, हा नाही तर दुसरा बँड. ज्यांत काही आठवत नाही ती तुझी. माझ्या कानाला पाठवलेल्यांपैकी दुसरं गाणं नक्की तुझं आहे. ते मी चार वेळा ऐकलं.

तिसऱ्यात मात्र एक खटकतं. 'आठवण' हा शब्द आपण 'आठ-वण' असा बोलतो. तुझ्या चालीत ठेक्याचा जोर 'ठ'वर पडतो आणि शब्द 'आ-ठवण' असा तुटतो. ड्रमच्या आवाजात ते झाकलं गेलं, नुसत्या गिटारवर उघडं पडेल. शब्द अर्धी मात्रा उशिरा उचल, म्हणजे जोर 'आ'वर येईल आणि पुढच्या 'तुझी'लाही श्वास मिळेल. पट्टी काळी एकवरून पांढरी सहाला आणून गाऊन बघ, आणि ते रेकॉर्डिंग मला पाठव.